दुसरी किल्ली कोणाकडून करून घ्यावी?



आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती तुमच्यापैकी बहुतेकांजवळ या क्षणीसुद्धा असेल. कोणाच्या खिशात, कोणाच्या कमरेला, कोणाच्या घरी कोनाड्यातल्या खिळ्यावर. ती वस्तू म्हणजे किल्ली. तुम्ही म्हणाल, किल्लीवर काय बोलायचे? हरवली तर दुसरी करून घ्यायची, संपले! पण गोष्ट इतकी सोपी नाही. दुसरी किल्ली कोणाकडून करून घ्यायची, कशावरून करून घ्यायची आणि मुळात ती करायची की नाही, हे तीन प्रश्न त्यात दडलेले आहेत. ते मला कळले एका सव्वीस जानेवारीला. तीच हकीकत आधी सांगतो.

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली शाळा. मी त्या वेळी तिथे शिक्षक होतो. शाळेत एक लोखंडी कपाट होते. दाखलखारीज रजिस्टर, मुलांचे दाखले, हजेरीपत्रके आणि राष्ट्रध्वज, सगळे त्याच कपाटात. कपाटाची मूळ किल्ली कोणे एके काळी मुख्याध्यापकांजवळ होती. पुढे एक किल्ली शिपायाला हवी म्हणून केली. त्या किल्लीवरून आणखी एक केली. एक गुरुजी बदलून गेले, त्यांच्याबरोबर एक किल्ली गेली. मग उरलेल्या किल्लीवरून पुन्हा एक केली. सगळ्या बाजारातल्या यंत्रावर, दोन मिनिटांत, थोड्या पैशांत झालेल्या. शेवटची किल्ली तर अशी होती की ती अर्धी आत घालून, जरा वर उचलून, कपाटाच्या दाराला गुडघ्याने रेटा दिला की मगच फिरे. ही युक्ती फक्त शिपाईदादांना साधलेली.

सव्वीस जानेवारीची सकाळ. मुले धुतलेले कपडे घालून रांगेत उभी. सरपंच आले, पोलीस पाटील आले, गावकरी जमले. आदल्या दिवशी ध्वजाला इस्त्री करून तो कपाटात नीट ठेवलेला. शिपाईदादांनी किल्ली घातली, उचलली, रेटा दिला. किल्ली फिरेना. घाईत त्यांनी पकड लावली आणि किल्लीचा अर्धा तुकडा हातात आला, अर्धा कुलपात राहिला.

कोणी म्हणाले, घण आणा. कोणी म्हणाले, मागचा पत्रा कापा. मुख्याध्यापकांनी मात्र डोके शांत ठेवले. त्यांनी मुलांना आधी प्रभातफेरीला पाठवले आणि एका तरुण शिक्षकाला मोटरसायकलवर तालुक्याच्या गावी पिटाळले. तिथे बसस्टँडजवळ एक किल्लीवाले काका बसत. सणाचा दिवस, दुकान बंद; पण ते घरून उठून आले.

काकांनी आधी घड्याळाकडे पाहिले नाही, कपाटाकडे पाहिले. बारीक आकड्याने मोडलेला तुकडा अलगद बाहेर काढला. मग एक कोरी किल्ली घेतली, मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून तिला काजळी चढवली आणि ती कुलपात घालून हलकेच फिरवून पाहिली. बाहेर काढून बघतात तर काजळीवर बारीक बारीक खुणा. जिथे खूण तिथे कानस. पुन्हा काजळी, पुन्हा आत, पुन्हा कानस. मुले फेरी संपवून घोषणा देत फाटकातून आत शिरली आणि इकडे कपाट उघडले. ध्वज उशिरा लागला, पण मानाने लागला.

समारंभ झाल्यावर मुख्याध्यापक त्यांना म्हणाले, “काका, आता याच्या दोन-तीन किल्ल्या आणखी करून द्या.” त्यावर काका म्हणाले, “गुरुजी, किल्ल्या तं देतो मी करून. पण या कुलपाच्या किल्ल्या किती जणांपाशी हायेत, हे सांगा आधी.”

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मुख्याध्यापकांनी बोटे मोजली, शिपाईदादांनी मोजली, उत्तर जुळेना. तेव्हा काका म्हणाले, “मंग नवी किल्ली करून फायदा काय? कुलूपच बदला. अन् राग नोका मानू, मी असं इचारतो, कारण गावात चोरी झाली का पोलीस पयले माह्याच दारी येतात.”

श्रोतेहो, त्या एका प्रश्नाने मला जे शिकवले, तेच आज तुमच्यापुढे मांडायचे आहे. यंत्र किल्लीची नक्कल करते. कारागीर कुलूप ओळखतो आणि ते कोणाचे आहे, हेही विचारतो. आपल्याला त्या दिवशी या दोहोंपैकी कशाची गरज आहे, ते ठरवले की कुठे जायचे ते आपोआप ठरते.

आता कुलपाच्या आत काय असते ते थोडक्यात पाहू. बाजारात कुलूप घेताना त्यावर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. लिव्हर म्हणजे आतल्या पातळ पट्ट्या. प्रत्येक पट्टीमागे लहानशी स्प्रिंग असते आणि प्रत्येक पट्टी एका ठरावीक उंचीवर उचलली गेली तरच कुलपाचा अडसर सरकतो. सहांपैकी पाच बरोबर उचलल्या आणि सहावी केसभर वर गेली किंवा केसभर खाली राहिली, तरी कुलूप उघडत नाही. म्हणून किल्लीचे दाते हे निव्वळ दाते नव्हेत, ती मापे आहेत. आपल्या देशात ही कारागिरी जुनीच आहे. उत्तरेत अलीगढ तर कुलपांसाठीच प्रसिद्ध आहे आणि मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून महाराष्ट्रात घरोघरी हे लिव्हरचे कुलूप पोचले.

किल्लीचे यंत्र या मापांचे काय करते? त्यात शेजारी शेजारी दोन पकडी असतात. एकीत तुमची किल्ली, दुसरीत कोरी किल्ली. एक बोथट टोक तुमच्या किल्लीच्या खाचांवरून फिरते आणि त्याच्याच जोडीने फिरणारे चाक कोऱ्या किल्लीत तशाच खाचा पाडते. काम झटपट होते. पण यंत्राला एवढेच कळते की, पुढे आहे ते मागे उतरवायचे. तुमची किल्ली दहा वर्षे वापरून झिजलेली असेल, तर यंत्र ती झीजही इमानाने उतरवते. म्हणजे नवी किल्ली जन्मतःच दहा वर्षांची म्हातारी! त्यातच किल्ली पकडीत जरा तिरकी बसली, मध्ये धातूचा कीस अडकला, की आणखी केसभर फरक. त्या किल्लीवरून तिसरी केली की तिच्यात दोघींची चूक. तिसरीवरून चौथी केली की तिघींची. आमच्या कपाटाला गुडघ्याचा रेटा लागू लागला तो यामुळे. कुलूप बिचारे शेवटपर्यंत शाबूत होते.

परदेशात हे यंत्र आणखी पुढे गेले आहे. अमेरिकेत मोठ्या दुकानांतून अशी यंत्रे उभी असतात की, समोर माणूसच नसतो. आपणच किल्ली आत घालायची, पैसे भरायचे आणि नवी किल्ली बाहेर घ्यायची. काही यंत्रे तर किल्लीचे चित्र उतरवून साठवून ठेवतात, म्हणजे पुढे किल्ली हरवली तरी चित्रावरून दुसरी करता येते. सोय मोठी आहे यात शंका नाही. पण ज्या सोयीने आपले काम होते, त्याच सोयीने दुसऱ्याचेही होते. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी एक प्रयोग केला. सुमारे दोनशे फुटांवरून, एका छतावरून, टेबलावर ठेवलेल्या किल्ल्यांचे दुर्बिणीच्या कॅमेऱ्याने छायाचित्र घेतले आणि त्या चित्रातून किल्लीची मापे काढून दाखवली. किल्लीला कोणी हातसुद्धा लावला नव्हता!

ही अमेरिकेची गोष्ट, आपल्याला काय तिचे, असे म्हणू नका. मुलाने शहरात नवे घर घेतले की तो दारासमोर उभा राहतो, किल्ली बोटांत धरतो, फोटो काढतो आणि मोबाईलवरून गावभर पाठवतो. आनंद साजरा करावा, पेढे वाटावेत; पण किल्लीचे दाते जगाला दाखवू नयेत. मूठ मिटून फोटो काढला तरी आनंद काही कमी होत नाही.

मग यंत्राकडे जायचेच नाही का? तसे मुळीच नाही. वर्ध्याच्या मातीत यंत्र की कारागीर हा विचार नवा नाही. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे आपल्या वर्ध्यात मगनवाडीला पडले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्याच हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले. आजही तिथे जाऊन हातांच्या कसबाची करामत पाहता येते. पण त्याच गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माणसाचे कष्ट वाचवणारे यंत्र त्यांना नको नव्हते. माणसाला निकामी करणारे यंत्र नको होते. किल्लीच्या यंत्रालाही हीच कसोटी लावू या. आज कित्येक किल्लीवाल्यांच्या गाडीवर कानस आणि यंत्र दोन्ही असतात. यंत्र कारागिराच्या हाताखाली असले की काम लवकर होते आणि नीटही होते.

तेव्हा यंत्रावर कोणते काम द्यावे? किल्ली मूळची आहे, फारशी झिजलेली नाही, कुलूप साधे रोजच्या वापरातले आहे आणि घरात आणखी एक किल्ली हवी आहे, एवढेच काम असेल तर खुशाल यंत्रावर करून घ्या. पण तीन गोष्टी पाळा. पहिली, नेहमी मूळ किल्लीवरूनच नक्कल करा. नवे कुलूप आणले की त्याच्याबरोबर आलेल्या किल्ल्यांपैकी एक वापरू नका. कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. पुढच्या सगळ्या किल्ल्यांची ती आई. दुसरी, किल्ली कापून झाली की कडेला धातूची धार राहते, तिला बूर म्हणतात. तो कानशीने घासून घ्या, नाहीतर तो कुलपाच्या आत गळून पडतो. तिसरी, शक्य असेल तर कुलूप बरोबर न्या. बंडीवर बसून दहा मैल घरी यायचे आणि मग किल्ली लागत नाही हे कळायचे, यापेक्षा दुकानातच लावून पाहिलेली बरी.

कारागिराकडे केव्हा जावे? किल्ली हरवली आहे आणि दुसरी नाही, तेव्हा. किल्ली आत मोडली, तेव्हा. किल्ली इतकी झिजली की युक्तीनेच फिरते, तेव्हा. कारण कसबी माणूस झिजलेल्या किल्लीवरून तिचे मूळचे माप ओळखतो आणि कुलपाला विचारून ते पक्के करतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, किल्ल्या किती आणि कोणाजवळ आहेत याचा हिशेब लागत नाही, तेव्हा. आमच्या शाळेत काकांनी नवे कुलूप विकत घ्यायला लावले नाही. कपाटाच्या दाराचे कुलूप काढले, उघडले, आतल्या पट्ट्यांचा क्रम बदलला आणि त्या नव्या क्रमाची किल्ली केली. कपाट तेच, कुलूप तेच. पण बाहेर फिरणाऱ्या साऱ्या जुन्या किल्ल्या त्या दिवसापासून निव्वळ पितळेचे तुकडे झाले. हे काम कोणत्याही उभ्या यंत्राला येत नाही.

या कारागिरांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. यांच्यातली पुष्कळ घराणी शिकलगारांची. पूर्वी तलवारी, भाले यांना धार लावणे आणि पाणी देणे हे त्यांचे काम. हत्यारांचे दिवस गेले आणि त्याच हातांनी कानस आणि कोरी किल्ली धरली. आज हा माणूस उन्हातान्हात छत्रीखाली बसतो. त्याने कुलूप उघडले की आपण म्हणतो, “एवढ्याशा कामाचे इतके पैसे?” पाच मिनिटांत कुलूप उघडते ते त्याच्या वीस वर्षांच्या सरावामुळे, हे आपल्या ध्यानात येत नाही. आणि वर चोरी झाली की संशयाचे पहिले बोट त्याच्याकडे. म्हणून तो जर विचारू लागला की घर तुमचेच का, शेजाऱ्याला बोलवा, आधार कार्ड दाखवा, तर रागावू नका. उलट असा प्रश्न विचारणाऱ्याकडेच काम द्या. जो काही न विचारता कोणाचेही कुलूप उघडून देतो, तो उद्या तुमचेही कोणाला तरी उघडून देईल. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

आपल्याकडूनही थोडी काळजी हवी. किल्ली कोणाच्या हाती देऊन “बाजारात जाशील तर एक करून आण” असे सांगू नका. स्वतः जा, काम होईपर्यंत समोर थांबा. किल्लीच्या जुडग्याला घराचा पत्ता लिहून अडकवू नका; हरवली तर सापडणाऱ्याला घरही सापडेल! घर भाड्याने दिले होते आणि भाडेकरू गेला, सालगडी बदलला, विहिरीवरच्या पंपाच्या पेटीची किल्ली चार हातांतून फिरली, तर किल्ली परत मिळाली यावर समाधान मानू नका. किल्ली परत येते, पण तिची नक्कल झाली असेल तर ती कशी परत येणार? कुलूपच बदला.

दोन ठिकाणी तर बाजारातल्या किल्लीचे कामच नाही. एक म्हणजे बँकेचा लॉकर. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरविषयी सूचना काढल्या आणि त्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. लॉकरची किल्ली हरवली तर ताबडतोब बँकेला कळवायचे असते. लॉकर उघडण्याचे काम बँक किंवा बँकेने नेमलेला माणूसच करतो, तेही खातेदाराची ओळख पटल्यावर. आणि खर्च खातेदाराला द्यावा लागतो. दुसरे म्हणजे हल्लीच्या मोटारगाड्या. पुष्कळ गाड्यांच्या किल्लीच्या मुठीत विजेची चीप असते. नुसती धातूची नक्कल केली तर दार उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही. तिथे त्या कामाचा जाणकारच लागतो.

आता आमच्या भागातली एक खास चूक सांगतो. कुलूप जड झाले की आपण त्यात तेल ओततो, आणि घरात हाताशी असते ते बहुधा जवसाचे तेल. जवसाचे तेल हवेने सुकते. म्हणूनच ते रंगात घालतात. कुलपात घातलेले तेल सुकून डिंकासारखे होते, त्यावर उन्हाळ्यातली धूळ बसते आणि आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात. मग आपण जोर लावतो आणि किल्ली मोडते. खाण्याचे तेल कुलपाला घालूच नका. त्यापेक्षा पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड करून ती किल्लीला चोळा आणि किल्ली दोन-चार वेळा आत-बाहेर करा. कुलूप हलके चालेल आणि धूळही धरणार नाही.

शेवटी माझ्या शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या उद्योगातून शिक्षण द्यावे, हा विचार देशापुढे आला. त्या विचाराला शोभेल असा एक धडा तुम्ही एका तासात देऊ शकता. एखादे जुने, निकामी कुलूप आणा, किल्लीवाल्याकडून ते उघडून घ्या आणि आतल्या पट्ट्या मुलांना हाताने उचलून पाहू द्या. माप म्हणजे काय, केसभर फरकाने काय होते, हे पुस्तकाच्या दहा पानांनी कळत नाही ते तिथे कळेल. जमले तर त्या कारागिरालाच वर्गात बोलवा. मुलांनी त्याला एकदा ‘गुरुजी’ म्हटलेले ऐकले, म्हणजे गावही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागेल.

आणि दुसरी विनंती म्हणजे किल्ल्यांची एक नोंदवही ठेवा. फार काही लागत नाही, एक चाळीस पानी वही पुरे. कोणत्या कुलपाच्या किती किल्ल्या, कोणाजवळ, कोणत्या तारखेपासून आणि नवी केली तर कशावरून केली. बदली होताना प्रभार देतो-घेतो त्या वेळी या वहीवर दोघांची सही. ग्रामपंचायत, सोसायटी, अंगणवाडी, देवस्थान, सगळ्यांनाच हे लागू आहे. कोणावर अविश्वास म्हणून ही वही ठेवायची नसते. एखादे दिवशी काही गहाळ झाले, तर निरपराध शिपायावर किंवा स्वयंपाकीण बाईंवर उगीच आळ येऊ नये म्हणून ती ठेवायची. आमच्या शाळेत त्या सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्याच दिवशी अशी वही सुरू झाली. पहिल्या पानावर दोनच नोंदी होत्या: एक किल्ली मुख्याध्यापकांजवळ, एक शिपाईदादांजवळ. शिपाईदादांनी सही करताना म्हटलेले अजून आठवते, “आता मले झोप लागंल, गुरुजी.”

तर श्रोतेहो, उद्या किल्ली करून घ्यायला निघाल तेव्हा यंत्र स्वस्त की माणूस महाग, एवढाच हिशेब करू नका. आधी स्वतःला काकांचा तो प्रश्न विचारा: या कुलपाच्या किल्ल्या किती जणांपाशी आहेत? उत्तर पक्के असेल तर यंत्रावर दोन मिनिटांत काम उरकून या. उत्तर डळमळत असेल तर कारागिराकडे जा आणि कुलूप बदलून घ्या.